अडुसष्ट किलो दोनशे

डॉक्टरांच्या काट्यावर मी चढलो तेव्हा माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत पाच किलोचं लोखंडी वजन होतं.

चौतीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या दुकानदारांना, आडत्यांना, भंगारवाल्यांना एकच वाक्य सांगत आलोय, "आधी काटा मोकळा करा, मग बोला." स्वतःची वेळ आली तेव्हा मी चपला काढल्या, खिशातला मोबाइल बाकावर ठेवला, पोट आत घेतलं (त्यानं वजन कमी होत नाही हे मला माहीत आहे, तरी घेतलं) आणि पिशवी राहिली खांद्यालाच. सिस्टरनी त्र्याहत्तर दोनशे लिहिलं. डॉक्टरांनी तो आकडा बघितला, मागच्या आठवड्याचा बघितला, मग माझे पाय दाबून बघितले. "सूज तर दिसत नाही," ते स्वतःशीच म्हणाले, "पण पाच किलो म्हणजे फार झालं." आणि पाण्याची गोळी दुप्पट करून दिली.

पाण्याची गोळी म्हणजे अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन मी कराडच्या एसटीत बसलो. नागठाण्याला कंडक्टरला विनंती केली. अतीतला हात जोडले. उंब्रजला मी नुसता उभा राहिलो, तेव्हा ड्रायव्हरनंच गाडी बाजूला घेतली आणि आरशात बघत म्हणाला, "काका, तुमी एक काम करा. आमाला पुढं जाऊ द्या, तुमी मागनं निवांत या."

कराडला गिऱ्हाइकाच्या दुकानात पिशवी उघडली, हाताला गार लोखंड लागलं आणि मला सगळा उलगडा झाला. तिथूनच डॉक्टरांना फोन केला.

"पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं सांगितलं होतं ना मी?"

"पाचच्या वर नाहीये डॉक्टर. बरोबर पाच आहे."

डॉक्टरांनी गोळी पुन्हा पहिल्याएवढी केली आणि फोन ठेवला.

आता हे डॉक्टर आणि हे वजन यांची भानगड सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मला जिना चढताना धाप लागायला लागली. मी गॅस म्हणालो, माझी बायको सुनंदा वय म्हणाली. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के आहे." मी म्हटलं, चला, काठावर पास. त्यांनी समजावलं की निरोगी माणसाचंही शंभर नसतं, साधारण साठ असतं. त्यानं माझा गोंधळ आणखी वाढला. साठाला पैकीच्या पैकी म्हणतात अशी ही कुठली शाळा?

पुढचे सल्ले त्याहून अवघड. चालत राहा, पण दमू नका. पाणी कमी प्या, पण कोरडं पडू देऊ नका. प्रवास करा, पण बेतानं. मीठ खा, पण बेताचं. मी ज्या धंद्यात जन्म काढला त्यात 'बेतानं' हा शब्दच नाही. आमच्याकडे एक तर ग्रॅम असतो, नाही तर भांडण असतं. मी घरी आलो, सोनारकामाचा छोटा काटा ओट्यावर मांडला आणि सुनंदाला म्हटलं, "तुझी एक चिमूट टाक यावर." तिनं टाकली. मग मी माझी टाकली. माझी तिच्या दुप्पट भरली. "म्हणूनच तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ देत नाही," एवढं बोलून तिनं दोन्ही चिमटी पुसून घेतल्या.

सगळ्या सल्ल्यांत एकच मला नीट कळला. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर चरबी नव्हे, पाणी. लगेच फोन करायचा. हे मात्र शुद्ध आमच्या भाषेतलं बोलणं होतं. मी घरचा काटा उघडून साफ केला, प्रमाण वजनं ठेवून तपासला आणि कॅलेंडरवर आकडे लिहायला लागलो. अडुसष्ट दोनशे. अडुसष्ट शंभर. अडुसष्ट दोनशे. महिनोन् महिने मी इतका स्थिर होतो की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. तिथूनच घोटाळा सुरू झाला.

बाहेरच्या माणसाला वाटतं काटा वजन सांगतो. काट्याला स्वतःचं असं काही कळत नसतं. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक काटे तर अगदी भाबडे. रिकामा असताना त्याला सांगायचं, 'हे शून्य'. मग आपल्याला पक्कं माहीत असलेलं वजन वर ठेवून सांगायचं, 'हे वीस किलो'. एवढ्या दोन गोष्टींवर विश्वास ठेवून तो पुढं जन्मभर लोकांचा माल मापत बसतो. आपण त्याला खोटं सांगितलं तर तो ते खोटं अतिशय प्रामाणिकपणे बोलतो. म्हणून ज्या वजनावरून काटा लावायचा ते वजन खरं पाहिजे. त्याला प्रमाण वजन म्हणतात. ती प्रमाण वजनंही झिजतात, गंजतात, म्हणून ती ठरल्या मुदतीत सरकारी कार्यालयात नेऊन तपासून आणावी लागतात. आणि काटा एकदा पास झाला की त्याला शिशाचं सील बसतं. दुरुस्तीसाठी ते तोडलं तर निरीक्षकांचा शिक्का पुन्हा बसेपर्यंत त्या काट्यावर धंदा करायचा नाही.

पूर्वी मी वीस-वीस किलोची तीन-चार वजनं घेऊन हिंडायचो. एसटीच्या टपावर चढवायची, उतरवायची, बाजारपेठेतून खांद्यावर न्यायची. आजारपणानंतर ते बंद झालं. पाच किलोच्या वजनानं शंभर किलोचा काटा तपासणं म्हणजे एक शित दाबून लग्नाची पंगत बसवणं. काम सोडावं लागणार असं दिसायला लागलं. घरी बसलेला काटेवाला हा काय प्रकार असतो ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आणि एका सकाळी घरच्या काट्यावर उभा असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. अडुसष्ट किलो दोनशे! इतकं पक्कं माहीत असलेलं, रोज तपासलेलं, शिवाय स्वतःच्या पायांनी चालणारं वजन माझ्याकडे असताना लोखंड कशाला वाहायचं? दुकानात जायचं, चपला काढायच्या, काट्यावर उभं राहायचं. अडुसष्टच्या आसपास दाखवलं तर काटा बरा. नाही दाखवलं तर काट्यात खोट. मीच प्रमाण वजन.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सुनंदाला तर नाहीच. युक्ती आपल्यालाच फार आवडली की ती बायकोला सांगायची नसते, एवढी अक्कल संसारानं दिली आहे.

युक्ती चार-पाच महिने चालली. मग गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन बाजारात यायला लागलं आणि मी पाच दिवसांच्या फेऱ्यावर निघालो. कराड, इस्लामपूर, सांगली. उंब्रजचा ड्रायव्हर लक्षात असल्यामुळे मी एक नियम स्वतःच करून ठेवला होता. प्रवासाच्या दिवशी पाण्याची गोळी घ्यायची नाही. आता पाच दिवसांच्या फेऱ्यात प्रवासाचा नसलेला दिवस कुठला, हा हिशेब मी केला नाही.

सोमवारी घरून निघताना अडुसष्ट दोनशे. कराडला भंगारवाल्याच्या काट्यावर अडुसष्ट सहाशे. म्हटलं, पोहे जास्त झाले. मंगळवारी-बुधवारी इस्लामपूरला ताईकडे, म्हणजे माझ्या आतेबहिणीकडे मुक्काम. ताईचा जीव माझ्यावर आणि हात मिठावर. "दवाखान्यात जाऊन किती वाळलास रं! त्यो पापड घे. चटणी घे. लोनचं तर घरचंच हाय, त्येला काय हुतंय?" घरच्या लोणच्यानं काही होत नाही हे मलाही पटलं. रात्री आडवं पडलं की खोकला यायचा. मी उशा वाढवल्या. एकीच्या दोन, दोनाच्या तीन. ताई म्हणाली, गादीची धूळ असंल.

गुरुवारी सकाळी इस्लामपुरातच आप्पाशेठच्या आडतीवर गेलो. आप्पाशेठ म्हणजे माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. शेतकऱ्यांचं सोयाबीन घेणारा, तोंडानं फटकळ, मापात चोख. "काटेवालं, पोती यायला लागल्यात. काटा एकदा बघून घ्या."

मी चपला काढून चढलो. एकाहत्तर किलो शून्य.

उतरलो. काटा शून्यावर आला. परत चढलो. एकाहत्तर.

माणूस गोंधळतो तेव्हा काय करतो? जे त्याला सर्वांत चांगलं येतं तेच करतो. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं. दोन किलो वाढलं तर फोन करा. पण पाच किलोची पिशवी खांद्यावर घेऊन मी एकदा हसं करून घेतलं होतं. तेव्हाही आकडा वाढलेला होता आणि मला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मी खांदे चाचपले. पिशवी खाली होती. खिसे चाचपले. रिकामे. मग उरलं काय? काटा!

"शेठ, काटा चार टक्के पुढं पळतोय."

"पुढं म्हंजे?"

"तुम्ही शेतकऱ्याला जास्त देताय."

आप्पाशेठ चमकला. आणि मी, चौतीस वर्षांच्या अनुभवानं, सील तोडलं, काट्यावर उभा राहिलो आणि त्या भाबड्या यंत्राला सांगितलं, 'हे अडुसष्ट दोनशे.' त्यानं ऐकलं. नवा शिक्का बसेपर्यंत काटा वापरू नका, असं सांगायला हवं होतं. पण दारात ट्रॅक्टर उभे होते आणि पंधरा दिवसांत निरीक्षकांचा शिक्के मारायचा कॅम्प होताच. "तोवर चालू द्या," मी म्हणालो. हे लिहिताना आजही हात थांबतो.

शुक्रवारी सांगलीला सलीमभाईंच्या दुकानात पोचलो. सलीमभाई म्हणजे तिसऱ्या पिढीतले तराजूवाले. आजोबा पितळी पारडी घडवायचे, हे आता इलेक्ट्रॉनिक काटे विकतात, दुरुस्त करतात. माझ्या वयाचे, पण माझ्यापेक्षा शांत. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून मी आत गेलो आणि मला बोलता येईना. खुर्ची धरून उभा राहिलो.

"बसा, बसा. चहा सांगू?"

मी मान हलवून त्यांच्या नव्या कोऱ्या काट्याकडे बोट केलं. चढलो. एकाहत्तर सहाशे.

"सलीमभाई," मी धापा टाकत म्हणालो, "हा पण बिघडलाय."

"हा पन म्हंजे? आनखी कुठला?"

मी आप्पाशेठचं सांगितलं. माझी युक्तीही सांगितली, कारण ती एकदा तरी धंद्यातल्या माणसाला सांगावी असं फार दिवस वाटत होतं. सलीमभाई हसले नाहीत. आतून त्यांनी वीस किलोचं प्रमाण वजन आणलं आणि काट्यावर ठेवलं. वीस शून्य. दुसरं ठेवलं. चाळीस शून्य. तिसरं ठेवलं. साठ शून्य. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले, माझी विजार घोट्यापासून वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथं खळी पडलेली. कणकेत पडावी तशी. ती भरून येईना.

"काटा बराबर हाय, काटेवाले," ते म्हणाले. "बिघाड वर उभा हाय."

त्यांनीच रिक्षा बोलावली, त्यांनीच मला सांगलीतल्या दवाखान्यात भरती केलं आणि त्यांनीच सुनंदाला फोन लावला. त्या रिक्षात मला मरणाची भीती वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण खरं सांगतो, मी गोंधळलो होतो. मला सारखं वाटत होतं की अजून कुठंतरी पिशवी आहे आणि ती खाली ठेवली की सगळं जागेवर येईल.

दवाखान्यात सुईवाटे औषध सुरू झालं. मी पाणी किती पितो आणि किती टाकतो हे खुणा केलेल्या भांड्यात मापून लिहीत होते. आपला माल इतक्या चोख मापला जाण्याचा माझा पहिलाच प्रसंग. त्याच संध्याकाळी आप्पाशेठचा फोन.

झालं होतं असं. एक निवृत्त सुभेदार सोयाबीन घेऊन आडतीवर आले होते. त्यांनी पोती घरी भरली होती, एकेक मोजून मापून, फौजी शिस्तीत. इथं प्रत्येक पोतं दोन-सव्वादोन किलो कमी भरलं. सुभेदार भांडले नाहीत. ट्रॅक्टर तिथंच उभा करून समोरच्या दुकानातून सिमेंटची न फोडलेली गोणी आणली आणि काट्यावर ठेवली. गोणीवर पन्नास छापलेलं. काट्यावर अठ्ठेचाळीस.

"आवं आप्पाशेठ," सुभेदार सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या दारात आल्यावर सिमीट बी वाळतंय व्हय?"

वीस वर्षं मापात चोख म्हणून नाव असलेला माणूस. "काटेवालं, लोकं मला काटामाऱ्या म्हनाय लागल्यात वो. काय केलं तुमी?"

मी सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या सगळं सांगितलं. काटा बरोबर होता, मी चुकीचा होतो, काटा आत्ताच्या आत्ता बंद करा, शेजारच्या काट्यावर सगळ्यांचा माल पुन्हा मापा, आणि विचारतील त्याला माझं नाव सांगा. नशीब, पोती अजून ओट्यावर नावानिशी पडून होती, म्हणून निस्तरता आलं. तेवढ्यात सिस्टरनी फोन काढून घेतला. "आजोबा, बोलायचं नाही." आजोबा! मी छप्पन्नचा. पण तेव्हा कुठल्याच आकड्यावर वाद घालायची माझी लायकी नव्हती.

दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, मी इस्लामपूरला गेलो. सुनंदा बरोबर आली. विचारलंच नाही तिनं, नुसती चप्पल घालून दारात उभी राहिली. सलीमभाई सांगलीहून गाडीत वजनं घालून आले. वजनं हमालांनी उचलली, काटा सलीमभाईंनी लावला, मी स्टुलावर बसून बघत होतो. आपलं काम बसून बघणं किती जड असतं, त्याचं माप अजून निघालेलं नाही.

कॅम्पवर निरीक्षकसाहेबांना मी सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. "बिघाडाचं कारण, या रकान्यात काय लिहू?"

"हृदय," मी म्हणालो.

त्यांनी 'तांत्रिक' लिहिलं, मला वेगळी समज दिली, ती मी खाली मान घालून घेतली, आणि नवा शिक्का मारला.

सुभेदार मुद्दाम आले होते. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "काटेवालं, फौजेत आमचं वजन करायचं तवा आदी बूट काडायला लावायचं. तुमी तर अख्खा आजार घिऊन चढला की!" आप्पाशेठ हसला. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा ठिकाणी खाली मान घातली असती. मग तो म्हणाला, "आता चढा बगू परत, खात्री हुंद्या." मी चपला काढायला वाकलो, तर मागून सुनंदा म्हणाली, "नको." एवढंच. मी सरळ झालो आणि चपला घातल्या.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं बघत होती. पेठनाका गेला, कराड गेलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. उंब्रज आल्यावर मला राहवेना.

"मग मी आता काय करायचं? हिंडणं सोडू का? एकदा काय ते सांगून टाक. डॉक्टर म्हणतात बेतानं, ताई म्हणते काही होत नाही, सलीमभाई म्हणतात बिघाड वर उभा आहे. मला काही समजत नाही."

तिनं वाकून माझ्या नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ धरला, काढला, आणि भरल्या गाडीत डोळे बारीक करून तिथं बघत राहिली. खळी पडली नव्हती. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यातलं दोन घोट होईल एवढंच झाकणात ओतलं, तळहातावर गोळी ठेवली आणि म्हणाली,

"हिंडा की. मी कुठं नको म्हणतेय? फक्त आजपासून तुम्ही वजन नाही, माल. आणि मालानं आपलं माप आपण सांगायचं नसतं."